पठारावरचे दोन ठिपके

पितळी होतं. करंगळीच्या नखाएवढं, कडेला बारीक खाचा पाडलेलं, सकाळच्या तिरप्या उन्हात उगाच सोन्याचा आव आणणारं... पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवरचं टोपण. इथं तर काळं प्लॅस्टिकचं होतं. होतं ना? हवा तपासायला म्हणून तो उकिडवा बसला होता, तो हातात पंप घेऊन तसाच बसून राहिला. मग त्यानं मागचं चाक पाहिलं, तिथंही पितळी. व्हॅनला टेकवलेल्या दुसऱ्या सायकलीकडे न बघताही त्याला कळलं होतं, तरी त्यानं मान वळवलीच — तिथंही दोन. चारही एकाच सळीतून काढलेली, एकाच हातानं बसवलेली. आमच्या दोघांच्या अंगठ्यासुद्धा इतक्या सारख्या नव्हत्या, असं त्याच्या मनात आलं, आणि सकाळी सकाळी तोंड कडू झालं.

"हवा बघितलीस?" मुक्कामाच्या खोलीच्या पायऱ्या उतरत बायकोनं विचारलं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवताना तिचं तोंड वर, आभाळाकडे होतं.

"बघतोय. ही टोपणं कधी बदललीस?"

"कुठली?" तिनं वाकून पाहिलं. "अय्या, छान आहेत की! सुतारानं बसवली असतील."

असतील. म्हणजे तिला माहीत नव्हतं. की माहीत होतं, आणि म्हणूनच तो 'असतील' इतक्या हलक्या हातानं ठेवला गेला, काचेचं भांडं ठेवावं तसा? आणि ते 'अय्या'... घरात हा शब्द त्यानं शेवटचा कधी ऐकला होता? चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो दिवसभर विचारायचा, हे स्पष्ट की हे? आता? आणि आता? — तसंच तो तिचं एकेक वाक्य हल्ली दोन-दोन भिंगांतून बघायचा, आणि कुठल्याच भिंगातून ते स्पष्ट दिसायचं नाही.

सुतार पाण्याच्या बाटल्या काखेत मारून आला. उंच, जरासा पोक काढून चालणारा, कानामागे पेन्सिल नसली की ओळखू न येणारा माणूस. "दादा, टोपणं बघितली का? दुकानात पितळेची सळी उरली होती. प्लॅस्टिकची इथल्या थंडीत तडकतात."

"कशाला एवढा त्रास घेतलास."

"त्रास कसला, हात रिकामा होता."

हात रिकामा होता! तुझा हात रिकामा असला की तो नेमका आमच्याच घराकडे वळतो, हे मनातल्या मनात म्हणून त्यानं सुताराच्या सायकलीचं चाक दाबून पाहिलं. सुताराची सायकल... ती मुळात त्याची स्वतःची होती. सीट तेवढी दोन बोटं वर सरकवलेली.

ती आणि सुतार, दोघं निघाली. मुक्कामाच्या मागून खडीची वाट सुरू व्हायची आणि पठारावर सरळ आत घुसायची. डांबरी रस्ता मात्र पोक्त माणसासारखा पठाराला वळसा घालत जायचा. दोन्हींची गाठ अधूनमधून पडायची, तिथं त्यानं व्हॅन घेऊन थांबायचं. व्हॅनमध्ये पाणी, खाणं, जादा ट्यूब, पट्ट्या, गरम कपडे. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. शेळ्याही अशा, की एकदा नजरेआड गेल्या की काय करतात ते...

तसं बघायला गेलं तर ही वाट त्याची होती. दोन हिवाळे तो दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंग घासायच्या यंत्राशेजारी, या पठाराचे नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रं उघडून बसायचा. कुठली खडी बारीक, कुठली मोकळी, कुठं ओढा कोरडा असतो, मेंढपाळांची जुनी वाट कुठं कड्याच्या धारेवरून जाते, हे एकेक करून त्यानं गोळा केलं होतं. दोघांसाठी खडीच्या वाटेवरच्या दोन ग्रॅव्हल सायकली घेतल्या त्या त्याच भरात; रुंद टायरच्या, वाकड्या हँडलच्या, एकसारख्या. संध्याकाळी तो तिला स्क्रीनवर दाखवायचा: इथून वर चढायचं, मग कड्याकडेनं, दोन्हीकडचे डोंगर दिसतील, बघ तू! ती बघायची. ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रणकक्षात फोन घ्यायची; दिवसभर कानात माणसं — ओरडणारी, रडणारी, स्वतःचाच पत्ता विसरलेली. घरी आल्यावर ती बरीचशी नुसती बघायचीच. तो बोलायचा.

मग त्याच्या छातीत कळ आली. तिच्याच कक्षात फोन लागला आणि तो तिच्या शेजारणीनं उचलला. हृदयात स्टेंट बसला, डॉक्टर म्हणाले सपाटीवर चालवा, हौसेनं चालवा, पण उंचावर दम काढायचा नाही, आणि पठार तर सगळंच उंचावर. त्याची सायकल घराच्या बोळकंडीत खुंटीवर चढली. त्याच सुमारास स्वयंपाकघराचं काम काढलं होतं, आणि मोजपट्टी घेऊन सुतार आला.

कोपर वाकवा, वहिनी. पहिल्याच दिवशी सुतार तिला म्हणाला होता. तिनं कोपर वाकवला आणि सुतारानं गुडघ्यावर बसून जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलं; ज्याचा हात जास्त चालतो त्याच्या मापानं ओटा असावा, म्हणाला. बरोबरच होतं. पण तेव्हापासून त्या ओट्यावर कांदा चिरताना आपल्याच घरात त्याला वाकावं लागायचं, आणि वाकलं की दरवेळी ते गुडघ्यावर बसणं आठवायचं, तो वाकलेला कोपर, पट्टीचं पिवळं टोक...

"ही अशी टांगून ठेवलीय, दादा? फासावर?" जाता जाता सुतारानं सायकलीकडे बघून विचारलं होतं. आणि तो हसून म्हणाला होता — तोच, दुसरं कोणी नाही — "मग तू ने. पडून गंजण्यापेक्षा चालव. हिलाही सोबत होईल, एकटीला मी पाठवत नाही." हे शेवटचं खरं होतं. कुठल्या कुठल्या आडवाटांवर माणसं पडतात ते तुलाच रोज ऐकू येतं ना, असं म्हणून त्यानं तिला कधी एकटं जाऊ दिलं नव्हतं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, याचे कुठं वर्ग निघाले तर त्यानं तिथं शिकवायला जायला हरकत नव्हती.

डांबरी रस्त्यावर व्हॅन एकटीच धावत होती. डावीकडे, खूप आत, धुरळ्याच्या दोन शेंड्या दिसत होत्या. पुढची तिची. मागची सुताराची — त्याला अंतरावरूनही कळायचं, कारण सुतार चढावर उभा राहून पेडल मारायचा आणि धुरळा झटक्याझटक्यानं उडायचा. पठाराची हीच गंमत, की सगळं दिसतं. मैलोगणती आडोसा नाही, झाड नाही, दोन माणसं कुठं आहेत ते तासन्‌तास दिसत राहतं, आणि ऐकू मात्र एक अक्षर येत नाही. संशयी माणसासाठी देवानं एखादी जागा बनवायची ठरवली असती तर याहून वेगळी बनवली नसती.

'वहिनी' कधी गळलं? हा प्रश्न त्याला किती दिवस छळत होता. पहिले काही रविवार सुतार दारात सायकल उभी करून हाक मारायचा, वहिनी, झालं का? मग नुसतंच, झालं का? मग घंटी. आणि तिच्याकडून... एका रविवारी ती पाण्याची बाटली घरी विसरून गेली, म्हणून तो गाडीनं गावाबाहेरच्या दगडखाणीपर्यंत गेला होता. खाणीच्या वळणावर दोघं लांब दिसली. ती पुढे, सुतार मागे. वारा त्याच्या दिशेनं होता आणि वाऱ्यानं तिचा एकच शब्द आणून त्याच्या कानात टाकला. "थांब!"

थांबा नव्हे. थांब.

एवढा एक काना. आधी अहो-जाहो होतं, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: तुम्ही घ्या ना अजून, ते दार जरा घासतं बघा... तो काना कुठल्या वळणावर, कुठल्या चढावर, कुणाच्या संमतीनं पडला? बाटली तशीच घेऊन तो परत आला होता. तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. सुतार तिच्याहून वयानं लहान आहे, इतके रविवार बरोबर जातात, अरे-तुरे होणारच, हे त्यालाही समजत होतं. समजण्यानं काय होतं? चष्म्याचा नंबर समजला म्हणून काही डोळा बरा होत नाही.

पहिली गाठ पडायची ती एका बंद पडलेल्या हवामानकेंद्रापाशी. पत्र्याची खोली, गजांचा मनोरा, त्याच्या टोकाला वारा मोजणाऱ्या, अजून फिरणाऱ्या तीन वाट्या. त्यानं व्हॅनच्या मागच्या दारात खाणं मांडलं. दोघं आली तेव्हा तिचे गाल उन्हानं आणि वाऱ्यानं लाल झाले होते; तिनं उभ्याउभ्याच पाव खाल्ला, पाणी प्यायली, पाठीमागे वाकून आळस दिला. सुतार साखळीला तेल देत होता.

"दादा, तुमची सायकल फार शहाणी आहे," सुतार म्हणाला. "चढ आला की माझ्याकडे बघते, म्हणते मूळ मालक कुठंय?"

ती हसली. तोही हसला. हसताना तो तिच्याकडे बघत होता, ती कुणाकडे बघून हसतेय ते बघत होता. ती मनोऱ्यावरच्या वाट्यांकडे बघत होती.

"आता कुठून?" तिनं विचारलं. "इथून दोन वाटा फुटतात ना? तू म्हणायचास, वरची आणि खालची."

वरची. कड्याच्या धारेवरून जाणारी, बारीक दाबलेल्या खडीची, मेंढपाळांच्या पायांनी शतकभर गुळगुळीत केलेली. या एका वाटेसाठीच तर सगळा खटाटोप होता. त्या दोन हिवाळ्यांत डोळे मिटले की त्याला तीच दिसायची. पण धार रस्त्यापासून दूर. तिथून दोघं निघाली की संध्याकाळी तळ्यापाशी उतरेपर्यंत दिसायची नाहीत. आणि खालची... खालची ओढ्याच्या पात्राकडेनं, रस्त्याला जवळजवळ समांतर. मध्येमध्ये वाळू. समोरून वारा. पण दिसणारी.

"खालची घ्या," तो म्हणाला.

सुतारानं मान वर केली. "खाली वाळू दिसतीये, दादा."

"वरची खचलीय," त्यानं सांगितलं. इतक्या सहज, की स्वतःच्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. "सकाळी मुक्कामाचे मालक म्हणाले."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. कक्षात फोनवरचा माणूस जास्त बोलतोय की कमी, हे आवाजावरून तिला कळतं, असं ती एकदा म्हणाली होती. "बरं," ती म्हणाली. "खालची."

दोघं गेल्यावर त्यानं डबे आवरले, पाव फडक्यात गुंडाळला, सांडलेलं पाणी पुसलं. काय केलं मी? काही नाही. वाट निवडली. त्याचंच तर काम होतं ते. मालक काही बोलले नव्हते. मालक फक्त वाऱ्याबद्दल बोलले होते...

तिथून पुढे त्यानं व्हॅन थोडी थोडी पुढे घेत, थांबत, दुर्बीण डोळ्याला लावत दुपार काढली. दुर्बीण चांगली होती, त्यानं स्वतः खोलून भिंगं जुळवलेली. डोळ्यात तेल घालून बघणं म्हणतात ते हेच. दोन ठिपके. ठिपके वाळूत अडकतात, उतरतात, ढकलतात. पुढचा ठिपका थांबतो. मागचा त्याला गाठतो. आता दोन्ही इतके जवळ, की एकच दिसतो... भिंग फिरव, फिरव... पुन्हा दोन. काय बोलले? काहीतरी बोललेच असणार, वाळूला शिव्या तरी दिल्या असतील, आणि दोघांनी मिळून एका वाळूला शिव्या देणं ही काय साधी गोष्ट आहे? आम्ही दोघांनी मिळून शेवटची शिवी कशाला दिली होती? माझ्या आजाराला मी एकट्यानं दिल्या, तिच्या नोकरीला तिनं एकटीनं. वाऱ्यानं व्हॅन हलत होती. आपणच त्यांना त्या वाळूत घातलं, आणि त्या वाळूनंच त्यांना एकमेकांच्या जवळ आणलं — देव असा हिशेबी असतो.

पुढे ओढा एका टेकाडामागे वळत होता. दोन्ही ठिपके टेकाडामागे गेले.

तो पलीकडच्या बाजूला दुर्बीण रोखून बसला. आता निघतील. आता. नकाशा त्याला पाठ होता; टेकाड काही मोठं नव्हतं, ढकलत गेलं तरी एक चहा होईपर्यंत दुसऱ्या टोकाला दिसायला हवं होतं. एक ठिपका दिसल्यासारखा झाला, पण व्हॅन वाऱ्यानं हलली आणि तो हरवला; मेंढीही असेल. नंतर काहीच नाही. गवत, दगड, ऊन. त्यानं चहाचा थर्मास उघडला आणि न ओतताच बंद केला. टेकाडाला ऊन लागत होतं तेवढी एकच बाजू त्याला दिसत होती, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा जसंच्या तसं, तळपायापासून, समजलं. पूर्ण पठारावर एकच आडोसा होता. आणि तो त्यांना मिळाला होता. मीच दिला होता.

त्यानं व्हॅनचं दार लावलंसुद्धा नाही.

चालताना सुरुवातीला बरं वाटलं, काहीतरी करतोय असं वाटलं. मग ओढ्याची वाळू लागली आणि पाय आत जाऊ लागले, मग टेकाडाचा चढ. हवा विरळ होती. छातीत घेतली तरी पोचत नव्हती. दम काढायचा नाही. डॉक्टरांचा आवाज. त्यानं एका दगडाला हात टेकला. मी इथं पडलो तर फोन कोण करेल, आणि कुणाला? तिलाच. पत्ता काय सांगतील, टेकाडाची अलीकडची बाजू... त्याला हसू आलं आणि हसायलाही हवा पुरली नाही. मग तो जवळजवळ हातापायांवरच वर चढला, कारण माथ्यावरून काय दिसणार आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, ते त्यानं कितीतरी रविवार, दुकानात, लोकांच्या डोळ्यांत दिवा मारताना पाहून ठेवलं होतं. आता फक्त खात्री करायची होती.

पलीकडच्या उतारावर सुतार घोरत होता.

तोंडावर हेल्मेट, हात छातीवर, पाय पसरलेले. शेजारी गवतात त्याची सायकल आडवी. बाकी कुणी नाही. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वेड्यासारखं सायकलीखालीसुद्धा पाहिलं.

"ए... ए!"

सुतार दचकून उठला. हेल्मेट गडगडत गेलं. "दादा? तुम्ही? चढून आलात? अहो, काय हे! वहिनी मला उभा कापतील! बसा, बसा आधी, पाणी प्या..." सुतारानं त्याला दंडाला धरून बसवलं, बाटली तोंडाला लावली, आणि त्याचं मनगट हातात घेऊन नाडी सापडेना म्हणून मनगटच घट्ट धरून ठेवलं.

"ती कुठंय?" जरा वेळानं त्यानं विचारलं.

"पुढं गेली."

"पुढं म्हणजे?"

"पुढं म्हणजे पुढं. एवढ्यात बाहेरही पडली असेल टेकाडाच्या. आमचं ठरलेलंच असतं ना." सुतारानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "तुम्हाला माहीत नाही?"

त्यानं मान हलवली.

"घ्या! मला वाटलं तुम्हाला सांगितलेलं असेल. अहो, दर रविवारी तसंच. खाणीच्या वळणापर्यंत बरोबर, मग मी थांबतो आणि ती जाऊन येते. मी खाणीत झोपतो. आठवडाभर रंधा मारून पाठ धरलेली असते, तेवढीच झोप."

खाणीचं वळण. वाऱ्यानं आणलेला तो शब्द. त्या शब्दाला एक पाठ होती, आणि ती त्यानं कधी उलटून पाहिली नव्हती: थांब, म्हणजे तू इथंच राहा. माझ्यामागं येऊ नकोस.

"मग तुम्ही... बोलता काय?"

"बोलायचं काय?" सुतारानं गवताची काडी उपटली. "पहिल्यांदा मी गेलो बोलायला. तर म्हणाली, आठवडाभर कानात माणसं असतात, आज कुणी नको. तोंडावर म्हणाली."

"राग नाही आला तुला?"

"नाही." सुतारानं काडी दातांत धरली. "आला थोडा. मी काय तिच्या दारातला दगड आहे का, हवं तेव्हा अडकवायला? पण मग म्हटलं असू दे. सायकल तर मिळतीये फुकट." सुतार हसला, पण नजर त्याच्याकडे नव्हती. ती समोर, ओढा जिथं पठारात विरून जात होता तिथं, सावकाश सरकणाऱ्या एका ठिपक्यावर होती. आणि त्या नजरेतलं काहीतरी त्याला लगेच ओळखू आलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. त्या घटकेला त्याला सुताराबद्दल जे वाटलं ते प्रेमाच्या इतकं जवळचं होतं की तो ओशाळला. दोन पुरुष एका टेकाडावर बसून एका बाईला लांब जाताना बघत होते, आणि दोघांपैकी कुणीच तिच्याबरोबर नव्हतं.

त्यानं गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली.

ती वाळू ओलांडून घट्ट जमिनीवर पोचली होती. वारा समोरून असूनही ती उभी राहून पेडल मारत होती, तिला घाई नव्हती, तरी मारत होती. मग वळणावर तिचा चेहरा बाजूनं दिसला. तोंड हलत होतं. त्यानं भिंग फिरवलं, श्वास धरला. ती बोलत होती. गात नव्हती, गाण्यात ओठ असे हलत नाहीत. ती बोलत होती, भरभरून, मध्येच मान उडवून, मध्येच हसून, हँडलवरून एक हात सुटून हवेत काहीतरी दाखवत होता... कुणाला? समोर कुणी नव्हतं. फोन नव्हता, तो व्हॅनमध्ये होता. ही एवढं बोलते? हे बोलणं इतकी वर्षं होतं कुठं? घरात तो बोलायचा आणि ती ऐकायची, हे त्यानं त्यांच्या संसाराचं हवामान म्हणून स्वीकारलं होतं. आणि इथं, या उजाड माळावर, कुणी नाही याची खात्री झाल्यावर...

त्यानं दुर्बीण खाली घेतली. असं बघणं बरोबर नाही, हे त्याला सबंध दिवसात पहिल्यांदा वाटलं.

उतरताना सुतारानं सायकल त्याच्या हातात दिली, काठीसारखी धरा म्हणाला. ब्रेक दाबत, सोडत तो आपल्याच सायकलीच्या आधारानं खाली आला. सुतार दोन पावलं पुढं, मागं वळून वळून बघत. "वहिनींना सांगायचं का?" सुतारानं विचारलं. काय सांगायचं ते विचारण्यासारखं कितीतरी होतं. "नको," तो म्हणाला.

सुतार मागच्या सीटवर बसला आणि व्हॅन तळ्याकडे निघाली. सुतार जर खरोखर अपराधी असता, त्याला वाटत होतं, तर किती सोपं झालं असतं. माणसाशी भांडता येतं. माणसाला घराबाहेर काढता येतं, ओटा उखडता येतो, बायकोला जाब विचारता येतो, मग कधीतरी क्षमा करून मोठंही होता येतं. पण हे कुणाशी भांडायचं? ती त्याला टाळून कुणाकडे गेली असती तर निदान तिथं त्याचं नाव निघालं असतं. ती कुणाकडेच गेली नव्हती. आणि त्या कुणीच नसण्याचा त्याला जो मत्सर वाटत होता तो सुताराबद्दलच्या मत्सरापेक्षा थंड होता, आणि खोल होता.

तळ्यापाशी ती आधीच पोचून दगडावर बसली होती. पाय पाण्यात. व्हॅनचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर बायको आली — सावकाश, उशीर झाला तरी कामावर येणाऱ्या माणसासारखी. मग तिची नजर त्याच्या विजारीच्या गुडघ्यांवर गेली. तिथं माती होती, गवताचे हिरवे डाग होते.

तिनं सुताराकडे पाहिलं. सुतार सायकल धुवायला निघून गेला.

"चढलास?"

"थोडं."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

ती पाण्यात पाय हलवत राहिली. "वरची वाट खचलेली नाही," ती म्हणाली. "इथं एक मेंढपाळ भेटला. आजच सगळा कळप घेऊन तिथून उतरला."

त्यानं गुडघ्यावरची माती झटकली. एरवी बोलायला त्याच्याजवळ नेहमी असायचं.

"तुला दिसावं म्हणून खालून पाठवलंस?"

"हो."

ती रागावेल, असं त्याला वाटलं. ती रागावली असती तर त्याला आवडलं असतं. पण ती नुसती थकल्यासारखी दिसली, कक्षातून रात्रपाळी करून आल्यावर दिसायची तशी. "उद्या मी हवामानकेंद्रापर्यंत परत जाणार," ती म्हणाली, "आणि वरून येणार. एकटी. सुतार बसेल तुझ्याबरोबर व्हॅनमध्ये."

"एकटी?" हा शब्द त्याच्या तोंडून सवयीनंच निघाला, आणि निघाल्यावर तिथंच पाण्याकाठी पडून राहिला. तिनं तो उचलला नाही. पाय पुसून ती मोजे घालू लागली.

पठाराचा वळसा पुरा करत मुक्कामाकडे परतताना ती पुढे त्याच्या शेजारी बसली होती. मागे दोन सायकलींच्या मधल्या सीटवर सुतार पुन्हा झोपला होता. ऊन उतरत होतं. तिची शांतता तिच्या मांडीवर मांजरासारखी बसली होती, त्याची मात्र सारखी कान टवकारत होती. तू कुणाशी बोलत होतीस, हे विचारायचं नाही असं तो स्वतःला बजावत होता. विचारलं तर ती सांगेल. आणि सांगितलं की ते तिथून, त्या माळावरून, उठून घरी येईल, आणि मग तिथंही राहणार नाही.

आपण असे एकटे असताना काय बोलू? त्यानं आठवून पाहिलं. काही आठवेना. आजच तर तो दिवसभर एकटा होता, याच पठारावर, आणि तरी एकटा नव्हता. दोन ठिपके डोळ्यांत घेऊन फिरत होता. ज्या पठारासाठी दोन हिवाळे झुरला, ते कसं होतं? गवत कुठल्या रंगाचं होतं? त्याला खरंच सांगता आलं नसतं.

त्यानं खिडकीकडे मान वळवली. पठार तिच्या बाजूला होतं, मध्ये तिचं डोकं होतं, धुळीनं करडे झालेले केस घामानं कानाशी चिकटलेले. ती बाहेर बघत होती. तिच्या कानामागे एक चिंचोळी पट्टी उरत होती, त्यातून दिसेल तेवढं त्यानं बघायला सुरुवात केली. गवत पिवळं नव्हतं. जवळून करडं होतं आणि लांब गेल्यावर जवळजवळ निळं. मग एका ढगाची सावली माळावर उतरली, आणि दगड, वाट, ओढा असं काही न बघता, कुणीतरी हलकेच पांघरूण ओढावं तशी सरकत सरकत कड्यापर्यंत गेली आणि कड्यावरून खाली गेली.

ते बघ — त्याचं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांत असं काही दिसलं आणि त्यानं तिला दाखवलं नाही असं झालं नव्हतं. ती दुसरीकडे बघत होती. तिला ते दिसलं नसावं.

त्यानं तोंड मिटलं. गीअर बदलला. हे हातचं राखून ठेवणं होतं, की तिच्यावरचा सूड होता, की दुसरंच काही, ज्याला त्याच्याकडे अजून शब्द नव्हता, ते त्याला ठरवता येईना. पण ती सावली आत कुठंतरी अजून सरकत होती, आणि ती थांबू नये म्हणून तो गाडी अगदी सावकाश चालवत राहिला.